साडेआठ इंचांची काठी

ज्वारी निवडायला बसले होते. अर्धी डब्यात पडली होती, अर्धी सुपात होती, तेवढ्यात मामा आले आणि माझ्या पुढ्यातली खड्यांची वाटीच उचलून घेतली.

"रुद्राणी, खडे फेकू नको माय. मला लागून राह्यलेत."

"खडे? ते कशाला?"

"लागतात म्हणलं ना."

आज पाच दिवस झाले, ती अर्धी ज्वारी तशीच सुपात आहे.

मामा म्हणजे माझे सासरे, विरूपाक्षप्पा मिस्त्री. मूळचे रेणापूरचे. बांधकाम खात्यात तीस वर्षं रस्ते केले, मोऱ्या बांधल्या, आणि रिटायर झाल्यावर आमच्याजवळ नांदेडला आले. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, दूध-भाकरी, आणि मग दिवसभर दारातली खुर्ची. बोलणं फार थोडं. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "ह्यांच्याकडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून घागर काढायची, अन् दोर आखूड."

हे साल ब्याऐंशीचं. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. नळाला चार दिवसांआड पाणी. विष्णुपुरीला धरणाचं काम चाललेलं, पण अडवायला नदीत पाणी तर पाहिजे. पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची, म्हणजे मामांच्या भीमाची, बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. आपल्या गावाजवळ जायचं म्हणून हे आनंदात होते. पोळा झाला, गणपती बसले, उठले, आणि मी बोचकी बांधायला घेतली. ट्रक गुरुवारचा सांगितला होता. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि मधल्या खोलीत जी थोडी उरली होती तिच्यावर मामा उकिडवे बसून एकेक खडा मांडत होते.

हे खडे कसले, ते सांगते. हदगावच्या पलीकडं पैनगंगेच्या काठी निजामाच्या वेळचा करोडगिरी नाका आहे. करोडगिरी म्हणजे जकात. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं हिंदुस्थान. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला रझाकारांच्या भीतीनं माणसं गावं सोडून निघाली, ती याच नाक्यावरून पलीकडं गेली. आता तिथं काळ्या दगडाची एक खोली, एक लिंबाचं झाड आणि रस्त्याच्या दोन्ही अंगाला साखळी अडकवायचे दोन दगडी खांब, एवढंच उरलं आहे. त्या भागातल्या लोकांनी तिथं स्मारक करायची समिती काढली. आप्पासाहेब अध्यक्ष. एका साहेबांनी कागदावर कमान काढली, कमानीवर सिंह काढले, मधोमध झेंड्याचा खांब. समितीतले शेषेराव तो कागद बघून म्हणाले म्हणे, "सिंव्ह कुठनं आले? आम्ही गेलो तवा तर शेळ्या बी न्हवत्या." शेषेराव विशीत असताना आईला पाठीवर घेऊन तिथून गेलेले. त्यांनीच मामांचं नाव काढलं. बहात्तरच्या दुष्काळात नाक्याजवळून जो रस्ता झाला तो मामांच्या देखरेखीखाली झाला होता. खडी फोडणाऱ्या बायांना मामांनी कधी उन्हात बसवलं नाही, आधी बाभळीच्या फांद्यांचे मांडव घालून दिले, हे शेषेराव विसरले नव्हते.

मामांनी दोनदा नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळेला शेषेराव स्वतः आले. मामांनी फक्त विचारलं, "झेंड्याचा खड्डा कुठं धरलाय?"

"खोलीच्या आन लिंबाच्या मधी."

मामांनी आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "मी करतो नकशा."

तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नकाशा खड्यांचा झाला. शनिवारी समिती बघायला आली. आप्पासाहेबांना खुर्ची द्यायची तर खुर्च्या दोरीनं बांधलेल्या. ते गादीच्या बोचक्यावर बसले आणि हसले.

"मिस्त्री, हे काय मांडलंय? चिंचोक्याचा डाव हाय का?"

"हे साखळीचे खांब," मामांनी बोट ठेवलं. "ते हायेत तसेच. साखळी लावायची न्हाई. माणूस मधून आत यील. मग ह्या दोन पायऱ्या. मग हे चार ओटे, चार बाजूंनी. ओटे मी भिंतीला टेकवून मांडलेत, खोली ल्हान हाय म्हणून. मधली जागा मात्र खऱ्या मापाची. माणसानं ओट्यावर बसायचं, तोंड मधी."

"आन मधी काय?"

"काई न्हाई. माती."

"माती!" आप्पासाहेब माझ्याकडं वळले, जणू मीच ती ठेवली. "ऐका वहिनी. सतरा सप्टेंबरला मोठे साहेब येणार, झेंडा लागणार, आन मधी माती! लोक म्हणतील समितीनं सिमेंट खाल्लं."

"खाल्लं तरी कळणार न्हाई, तुमचं पोट आधीच पुढं हाय," शेषेराव म्हणाले. "आप्पासाहेब, आम्ही नाक्यावर काय केलं? बसलो. तीन दिवस बसलो. दुसरं काय करता येत व्हतं? मला बसायची जागा पायजे. भाषणाची न्हाई."

कमान काढणारे साहेबही बरोबर आलेले, ते टेप काढून मोजत होते. मधली जागा मोजली, पुन्हा मोजली. "मिस्त्री, लांबी सहा फूट साडेचार इंच, रुंदी तीन फूट साडेसहा. ही कसली मापं? आणि पायरी साडेआठ इंच? साडेसहा फूट करा, साडेतीन करा, पायरी नऊ इंच. गवंड्याला सोपं जाईल."

"तेवढंच राहू द्या," मामा म्हणाले.

"अहो, पण का?"

"तेवढंच."

साहेबांनी टेप गुंडाळली. जाताना आप्पासाहेब उंबऱ्यात थांबून म्हणाले, "ओटे बांधू. पण खांब मधीच राहील. मंगळवारी खड्डा घेतो. दुष्काळी कामावरच्या बाया लावून दिल्यात." शेषेरावांनी नको म्हणून मान हलवली, पण झेंड्याला ते तरी नाही कसं म्हणणार?

दुपारी जेवायला पाट मांडायचा होता. चारी बाजूंना बोचकी, ट्रंका, त्यांच्या कडेनं खडे. मोकळी होती ती फक्त मधली जागा. मी तिथं पाट टेकवला.

"तिथं नको!"

लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. मामांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पाट तसाच उचलला. तेव्हा खड्यांशेजारी त्यांची काठी दिसली. नकाशा मांडताना ते याच काठीनं मोजत होते. बांबूची, हात लागून लागून काळी-गुळगुळीत झालेली, वितीहून थोडी कमी. मी ती उचलली आणि, का कोण जाणे, मोकळ्या जागेवर एकापुढं एक ठेवत गेले. लांबीला नऊ वेळा बसली. रुंदीला पाच.

आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून माती देतात. खड्डा त्याच माणसाच्या पावलानं मोजायचा, नऊ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. त्यात त्याला ध्यानाला बसवल्यासारखं बसवायचं, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती आणि बेल घालायचा. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या वडिलांचं पाऊल सुतळीनं मोजताना मी बघितलेलं आहे.

"मामा, हे कुणाचं पाऊल?"

ते ओट्याच्या खड्यांपाशी बसले होते. उठले नाहीत, माझ्याकडं बघितलंही नाही.

"न्हाई माहीत," म्हणाले. "नाव न्हाई माहीत. पाऊल तेवढं माहीत हाय. साडेआठ इंच."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी माझ्या वहीत लिहून ठेवलं, म्हणून इथं तपशिलासकट येतंय. मामा उर्दू शिकलेले. पंचवीस वर्षांचे असताना त्यांना करोडगिरीत मोहरीर म्हणून चाकरी लागली. मोहरीर म्हणजे नोंदी लिहिणारा कारकून. त्या नाक्यावर त्यांचं काम दोनच गोष्टींचं. कोण गेलं, काय घेऊन गेलं ते लिहायचं, आणि दिवस मावळला की साखळीला कुलूप घालायचं. हुकूम तसा होता. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी कुलूप पडल्यावर एक म्हातारी आणि एक बाई आली. बाई तापानं फणफणलेली. म्हातारी म्हणाली, पलीकडं वैद्य हाय, सोड रे बाबा. मामा म्हणाले, सकाळी.

"नाकेदार गावात गेला व्हता," मामा म्हणाले. "तो असता तर त्याच्यावर ढकललं असतं. किल्ली माझ्याच कमरेला व्हती."

सकाळी म्हातारी दिसली नाही. बाई लिंबाखाली बसलेली होती, बसल्या जागी गेलेली. पदर सरकला तेव्हा गळ्यातलं लिंग दिसलं. नाक्यावर दुसरं कुणी आपल्यातलं नव्हतं. विधीला जंगम स्वामी आणायचे तर कुठून? मामांनी तिचं पाऊल बांबूच्या काडीनं मोजलं, एकट्यानं खड्डा खणला आणि तिला बसवून माती दिली. वहीत काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "औरत, एक."

मला एकच विचारावंसं वाटलं, आणि विचारल्यावर वाटलं की विचारायला नको होतं. "आणि लिंग, मामा? हातावर ठेवलं ना?"

मामा उठले. त्यांनी आपली ट्रंक उघडली, तळातून एक पांढरी पुरचुंडी काढून माझ्यासमोर धरली. मी हात लावला नाही.

"कुणी तरी शोधत यील वाटलं. नाव न्हाई, गाव न्हाई, हे दाखवलं तर आईबाप वळखतील. म्हणून ठेवून घेतलं." मग म्हणाले, "लिंग काय वळखू येतंय का माय? सगळ्यांचं सारखंच. पंचवीस वर्सांच्या माणसाला तेवढं बी कळलं न्हाई. आज येतील, उद्या येतील करता करता पुलीस अॅक्शन झाली, नाका उठला. ती तिथं मोकळ्या हातानं बसली हाय."

आमच्यात लिंगावाचून माणूस म्हणजे काय, ते मी काय सांगू? मी रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन बसते तेव्हा माझा तळहात मला माझा वाटतो. ती चौतीस वर्षं हात पसरून बसलेली. त्या दिवसापासून पूजेला बसलं की मला तिचाच हात दिसायला लागला.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मामांनी ह्यांनाही सांगितलं. हे घास हातात घेऊन ऐकत राहिले, मग घास ताटात ठेवला.

"बाबा, हे कुणाला सांगायचं न्हाई."

"मंगळवारी खड्डा घेणार हायेत."

"घेऊ द्या. निवृत्त मिस्त्री, स्मारकाचा नकाशा करतो, आणि तोच निजामाच्या नाक्यावर कुलूप घालत होता? पेपरात येईल. नव्या कचेरीत पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर तो पेपर असेल. चौतीस वर्षं कुणाला कळलं न्हाई, मग आत्ताच कशाला? गुरुवारी ट्रक येतोय. गप्प चला."

"गप्पच हाय की," मामा म्हणाले. "तेच तर करून राह्यलो."

मी भाकरी थापत होते. ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मामांचंही नव्हतं. मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही, आणि तव्यावरची भाकरी करपली.

सोमवारी उपासाच्या दिवशी मामा पाणीसुद्धा न पिता दारात बसून होते. मंगळवारी पहाटे उठून बघते तर खुर्ची रिकामी. पुरचुंडी ट्रंकेत नव्हती, काठीही नव्हती. ह्यांना कचेरीतून निघता येईना, चार्ज द्यायचा होता. मला म्हणाले, "तू जा. काहीही सांग, पण घेऊन ये त्यांना."

हदगावला गाडी बदलली. नाक्याच्या अलीकडं सरळ जाणारा रस्ता एकदम डावीकडं वळतो आणि पन्नास पावलांवर पुन्हा सरळ होतो. बस कलंडली, माझ्या शेजारणीची कोंबडी माझ्या मांडीवर आली. कंडक्टर ओरडला, "सांभाळा, मिस्त्रीचं वळण आलं! आमच्या डायव्हरनं त्या मिस्त्रीला रोज दोनदा शिव्या घालायचा नेम धरलाय."

ह्या वळणाची गोष्ट मला माहीत होती. बहात्तरचा रस्ता सरळ काढायचा सोडून मामांनी वाकडा का काढला म्हणून खात्यात चौकशी झाली होती आणि त्यांची बढती अडली होती. सासूबाई मरेपर्यंत विचारत राहिल्या, "दोरी वाकडी धरली का डोळा वाकडा झाला?" बसमध्ये कोंबडी धरून बसले असताना मला उत्तर मिळालं, सरळ दोरी तिच्यावरून गेली असती, आणि सांगायला सासूबाई नव्हत्या.

नाक्यावर पोचले तर दहा-बारा बाया टिकाव बाजूला टाकून बसलेल्या. लिंबाच्या आणि खोलीच्या मध्ये सुतळी बांधून चौक आखला होता, आणि त्या चौकात मामा मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर उताणा.

चतुराबाई नावाची मुकादमीण मला बघून उठली. "तुमचा म्हातारा का हो? उचला की त्याला. सकाळधरनं बसलाय. उठा म्हणलं की डोळे मिटतो. आमची हजरी कोण मांडंल?"

आप्पासाहेब छत्री घेऊन उभे. "वहिनी, म्हातारचळ लागलाय मिस्त्रीला. घरी न्या."

"मामा, चला," मी म्हणाले. ह्यांनी सांगितलं होतं म्हणून म्हणाले. आवाज मलाच पटला नाही.

"टिकाव मारायचा तर माझ्यावर मारा म्हणावं," मामा डोळे न उघडता म्हणाले.

मग शेषेराव आले, काठी टेकत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मामांसमोर, सुतळीच्या बाहेर, जमिनीवर बसले. "बोल आता."

मामांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. साखळी, म्हातारी, ताप, सकाळ, किल्ली. बाया जवळ आल्या. आप्पासाहेबांची छत्री खाली आली. 

शेषेराव म्हणाले, "मी गेलो त्या दिवशी बी तूच व्हतास?"

"आसंल. मी मान वर करून कुणाकडं बघत न्हवतो. लिवत व्हतो."

"माझ्या आईचं नाव काय लिवलंस?"

"बायांची नावं लिवत न्हवतो."

"मग काय लिवलंस?"

मामांनी मान खाली घातली. उत्तर मला माहीत होतं, आणि मीही खाली बघितलं. मामा म्हणाले, "औरत, एक."

शेषेराव उठायला लागले, उठता येईना. कुणीतरी हात दिला तो त्यांनी झिडकारला. चतुराबाई म्हणाली, "माझी आत्या बी इथनंच गेली व्हती," आणि मामांकडं पाठ करून उभी राहिली. बाकीच्या बायांनीही तसंच केलं. सकाळी त्यांच्यातल्याच एकीनं मामांसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. तो तिनं येऊन उचलून नेला.

आप्पासाहेब पुटपुटले, "हे नाव समितीत नको. आजपासून न्हाई."

"थांबा," शेषेराव म्हणाले. ते चतुराबाईकडं वळले. "खांबाचा खड्डा खोलीच्या मागं घ्या. हितं कुणी टिकाव लावायचा न्हाई." मग मामांना, "ऊठ. सुटलो असं समजू नको. मधी माती राहील, तू म्हणतोस त्याच मापाची. पण दगडावर लिवायचं हाय. ती कोण व्हती ते माहीत न्हाई, हे लिवायचं. किल्ली कुणाच्या कमरेला व्हती, ते नावानिशी लिवायचं. पहिली ओळ तुझी."

"लिवतो."

"आन काम पुरं होईस्तोवर हितनं हालायचं न्हाई. कोण कुठं बसत व्हतं, कुठनं येत व्हतं, तुझ्याशिवाय कुणाला ठाव हाय? ह्याच खोलीत ऱ्हा."

मामांनी खोलीकडं बघितलं. एक दार, एक खिडकी, खिडकीतून साखळीचे दोन्ही खांब दिसतात. तिथंच बसून त्यांनी नोंदी लिहिल्या होत्या. लातूरला आम्ही त्यांच्यासाठी रस्त्याकडची खोली धरली होती, दारात खुर्ची मावेल अशी. मी ते बोलले नाही.

पुरचुंडी मात्र मातीतच जायची होती. पुढच्या सोमवारी उमरीच्या मठातले स्वामी येऊन, मंत्र म्हणून, जागा थोडी उकरून लिंग तिच्यापाशी ठेवतील असं ठरलं. स्वामींनी मामांना स्वतःच्या हातानं ठेवू द्यायचं का नाही, ते सांगितलेलं नाही. मामांनी ते विचारलंही नाही. सोमवारी आम्ही लातूरला असू.

निघताना मी माझ्या पिशवीतली विभूतीची वडी आणि अंगावरची शाल त्यांना दिली. त्यांनी शाल खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "भीमाला सांग, पेपरात येईल. त्यानं आधीच साहेबांना सांगून टाकावं. लपवायला लागलं की वळणं काढावी लागतात."

घरी आले तेव्हा हे दिव्याखाली बसले होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाणी प्यायला उठले, आणि स्वयंपाकघरात जाताना मधल्या मोकळ्या जागेला वळसा घालून, बोचक्यांवरून अंग चोरत गेले. परत येतानाही तसेच आले.

आज बुधवार. खडे तसेच आहेत, सुपातली ज्वारीही. शेषेरावांचा निरोप आला की खोलीला आतून कडी नव्हती ती बसवली, आणि आखणी परवा सुरू. मामा उद्या सकाळच्या गाडीनं नाक्यावरून हदगावला जाऊन येणार आहेत, आखणीसाठी पाच किलो चुन्याची फक्की आणायला.